कळकलेला बोर्ड: जुन्या स्पोर्ट्स कारचं क्लायमेट कंट्रोल घरच्या टेबलावर कसं दुरुस्त करायचं

गेल्या जुलैत मलकापुरातून एक फोन आला. "ताई, पंखा बंदच होईना झालाय." आवाज नीट ऐकू येत नव्हता, कारण मागं तोच पंखा घोंघावत होता. गृहस्थ पुण्याचे, गाडी 1991 ची होंडा एनएसएक्स, आंबा घाटातून रत्नागिरीला निघालेले. बाहेर धो धो पाऊस, काच आतून धुरकटलेली, कॉम्प्रेसर लागत नाही, डिस्प्ले अर्धा गेलेला आणि ब्लोअर फुल स्पीडवर अडकलेला. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात काच पुसायचा पंचा. मी म्हटलं, घाट उतरू नका, माघारी फिरा, उद्यमनगरात मिस्त्रींच्याकडं गाडी लावा, उद्या बघतो. (कोल्हापुरात आम्ही बायकाही 'बघतो'च म्हणतो. पुण्याचं गिऱ्हाईक दर वेळी फोनवर जरा थबकतं.)

गाडीतल्या क्लायमेट कंट्रोलची डबी दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आली, आठ दिवसांनी परत गेली, आणि ती गाडी त्याच पावसाळ्यात घाट उतरली. तेव्हापासून बरेच जण विचारतात, हे घरी जमेल का? ज्याला नीट डाग देता येतो, म्हणजे सोल्डरिंग येतं, आणि ज्याला घाई नाही, त्याला जमेल. घाई असेल तर नको.

माझं म्हणाल तर मंगळवार पेठेत आबांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले तसं मी वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतले ड्राइव्ह, जे येईल ते करत गेले. गाड्यांचे बोर्ड उद्यमनगरच्या मिस्त्रींनी गळ्यात घातले. त्यांची वाटणी साधी आहे: "ताई, नटबोल्ट माझे, डबी तुझी." आता पुण्या-मुंबईहून नुसत्या डब्या पार्सलनं येतात, गाडी तिकडंच उभी.

गळतं काय?

क्लायमेट कंट्रोलची डबी म्हणजे तुम्ही 24 अंश म्हटलं की ते सांभाळणारा कारकून. केबिनचा, बाहेरचा आणि उन्हाचा सेन्सर वाचायचा, मग गरम-गार हवेची झडप किती उघडायची, पंखा किती जोरात, कॉम्प्रेसर लावायचा की नाही, ते ठरवायचं. 1980 च्या दशकाच्या शेवटी आणि 1990 च्या सुरुवातीला जपानी गाड्यांत हे सगळं एका बोर्डावर आलं. त्यातला प्रोसेसर सहसा मरत नाही. मरतात ते त्याच्या शेजारचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, त्या छोट्या ॲल्युमिनियमच्या टोप्या.

टोपीच्या आत ओला कागद असतो आणि बुडाशी रबराचं बूच. त्या काळातल्या बऱ्याच कपॅसिटरमध्ये, विशेषतः बोर्डावर चपटे बसणाऱ्या प्रकारात, जे रसायन वापरलं ते अल्कलीसारखं वागतं आणि ऋण टोकापाशी रबर हळूहळू खातं. तीस वर्षांत ते पाझरून बोर्डावर येतं. डॅशबोर्डमधली उष्णता त्यात भर घालते: कपॅसिटरचं तापमान दर 10 अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा आमच्या धंद्यातला हिशोब आहे.

आता तुमच्या आजीचं पितळेचं भांडं आठवा. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं आणि भांड्याच्या कडेला हिरवं धरतं. बोर्डावर अगदी तेच होतं. हिरव्या लेपाखाली तांबं आहे, पाझरलेलं पाणी त्या लेपाखाली शिरतं आणि तांबं कळकवत पुढं सरकतं. नवीन कपॅसिटर लावला म्हणून ते सरकायचं थांबत नाही. ही एकच गोष्ट मी पहिल्याच डबीत शिकले, आणि शिकायला सात महिने लागले. ते पुढं सांगते.

निसान 300 झेडएक्स, मित्सुबिशी जीटीओ, एनएसएक्स या साऱ्यांची कथा थोड्याफार फरकानं हीच. युरोपियन गाड्यांत गळतीपेक्षा डाग तडकलेले जास्त सापडतात: पिनभोवती केसाएवढी काळी रिंग, बोटानं बोर्ड दाबला की चालू, सोडला की बंद. तिथं जुनं सोल्डर काढून नवीन डाग दिला की अर्धं काम झालं.

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार येते, तेव्हा मिस्त्री मला हमखास ऐकवतात, "ती गाडी बघ ताई, एक बोर्ड नाही तिच्यात. म्हणून सुखी आहे."

डबी उघडण्याआधी

निम्म्या डब्या माझ्याकडं निर्दोष येतात. म्हणून आधी गाडी बघा.

कॉम्प्रेसर लागत नसेल तर गॅस कमी आहे का ते पहिलं. दाब उतरला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर लागू देत नाही, बोर्ड बिचारा हुकूम देत बसतो. पंखा फुलवर अडकला असेल तर पंख्याच्या हवेच्या वाटेत, जाळीदार हीटसिंकवर बसवलेला पॉवर ट्रान्झिस्टर तपासा. बहुतेक गाड्यांत त्याच्याकडं येणारी नियंत्रणाची बारीक वायर काढली की पंखा थांबायला हवा. थांबत नसेल तर ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे किंवा फुल स्पीडचा रिले चिकटलाय, डबीला हात लावू नका. डॅशमागून टक टक टक असा आवाज येत असेल तर झडपेच्या मोटरचा प्लास्टिकचा दात तुटलाय, तो मिस्त्रींचा विषय.

डबीच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. तिथं साधारण दोन वेगळे 12 व्होल्ट येतात, एक कायमचा आणि एक चावी फिरवल्यावर. कायमचा नसेल तर डबी तुमचं तापमान रोज विसरते आणि लोक समजतात मेमरी गेली. अर्थही, म्हणजे अर्थिंगची जोडणीही, बघा. डॅशमागचा अर्थचा एक गंजलेला बोल्ट काय काय नाटकं करतो, यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

मर्सिडीजवाल्यांसाठी एक जादा सूचना. ऐंशी-नव्वदच्या मर्सिडीजमध्ये हीटरकडं गरम पाणी ढकलणारा एक छोटा सहायक पंप असतो. तो जाम होतो, जास्त करंट ओढतो आणि डबीतला ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) किंवा ट्रान्झिस्टर जाळतो. एका 300 एसएलची डबी माझ्याकडं दोनदा आली. पहिल्यांदा मी जळलेला ट्रॅक जोडून दिला आणि स्वतःवर खूश झाले. दुसऱ्यांदा तोच ट्रॅक त्याच जागी जळाला. मिस्त्रींनी पंप काढून हातानं फिरवून बघितला, तर हलेना. पंप बदला, त्याच्या वायरीत छोटा फ्यूज टाका आणि मगच बोर्ड बसवा.

काढताना बॅटरीचं ऋण टोक सोडा, पण त्याआधी टेपला कोड लागतो का ते मालकाला विचारा, नाहीतर गाणी गेली. एअरबॅगची गाडी असेल तर बॅटरी सोडल्यावर त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबा, आणि पिवळ्या आवरणाच्या वायरींना मीटर लावू नका. बाकी ट्रिम, क्लिपा, स्क्रू हे प्रत्येक गाडीचं वेगळं. तीस वर्षांचं प्लास्टिक पावसाळ्यापेक्षा उन्हात काढलेलं बरं, कमी तडकतं.

उघडल्यावर

प्रत्येक बाजूचे फोटो काढा, तिरक्या उजेडात. मग भिंग घ्या आणि कपॅसिटरच्या बुडाशी बघा. निरोगी बोर्डावर डाग चकचकीत दिसतात. गळलेल्या ठिकाणी ते राखाडी, मातकट होतात, हिरव्या लेपाला तपकिरी छटा येते, कधी तेलाचा थेंब वाळल्यासारखी कड दिसते. टोपी फुगलेली नसते बरं का. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डचे फुगलेले कपॅसिटर बघून तयार झालेले लोक इथं फसतात. हे वरून ठणठणीत दिसतात आणि खालून निथळतात.

खात्री नसेल तर नाकाला विचारा. संशयित डागाला इस्त्री टेकवा (आम्ही सोल्डरिंग आयर्नला इस्त्रीच म्हणतो). गळलेला असेल तर मासळीचा वास येतो, बाजारात सुकटीच्या पाटीशेजारून गेल्यासारखा. खिडकी उघडी ठेवा, टेबल फॅन उलट्या दिशेनं लावा. मलकापूरच्या त्या डबीनं असा वास सोडला की वरच्या माडीवरून आई खाली आली. गुरुवार होता, आमच्याकडं गुरुवारी मासे नसतात.

एखादाच गळलाय म्हणून तेवढाच बदलायचा, हा विचार सोडून द्या. बाकीचेही त्याच दिवशी त्याच कारखान्यातून आलेत. सगळे बदला. चांगल्या कंपनीचे सगळे मिळून दोन-तीनशे रुपयांच्या वर जात नाहीत.

वहीत बोर्डाचं चित्र काढा आणि प्रत्येकाची किंमत लिहा: किती मायक्रोफॅरड, किती व्होल्ट, ऋण पट्टी कुठल्या बाजूला. बोर्डावरची छापील खूण आणि कपॅसिटरवरची पट्टी जुळते का ते काढण्याआधी बघा, कारण छपाईच्या खुणा कंपनीगणिक वेगळ्या असतात. 'बीपी' किंवा 'एनपी' लिहिलेला दिसला तर तो दोन्ही बाजूंनी सारखा असतो, त्याच्या जागी तसाच लावायचा.

काढताना पाय असलेले कपॅसिटर असतील तर आधी ताजं सोल्डर घाला. राखाडी झालेलं जुनं सोल्डर वितळत नाही, उष्णता खात बसतं. कथील-शिशाचं नवीन 63/37 सोल्डर 183 अंशांना वितळतं, ते जुन्यात मिसळलं की दोन्ही मिळून वाहतात. इस्त्री 330-350 अंशांवर, मग सक्शन पंप, मग सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी. चपटे कपॅसिटर असतील तर दोन इस्त्र्या दोन्ही बाजूंना लावून उचला. काही जण ते पक्कडीनं पिळून काढतात. ताज्या बोर्डावर निभावतं, कळकलेल्या बोर्डावर खालचा तांब्याचा पॅडच टोपीबरोबर वर येतो.

धुणं

आता ती पहिली डबी. आठ-नऊ वर्षं झाली, मित्सुबिशीची होती. मी कपॅसिटर बदलले, अल्कोहोलनं वरवर पुसलं, पंखा-डिस्प्ले सगळं चालू. मालकानं पेढे आणून दिले. पुढच्या जूनमध्ये पाऊस लागला आणि डबी परत आली. भिंगाखाली बघितलं तर ज्या जागी मी नवीन कपॅसिटर लावला होता, तिथून अर्धा इंच पुढं हिरव्या लेपाला फोड आला होता. ब्लेडनं फोड उचलला तर आत ट्रॅक नव्हताच, हिरवी पावडर होती. फुंकर मारली, उडून गेली. कपॅसिटर गेला पण त्याचं पाणी लेपाखालीच राहिलं होतं, आणि कोल्हापूरच्या दमट हवेनं त्याला पुन्हा जिवंत केलं.

तेव्हापासून कपॅसिटर काढल्यावर नवीन लावण्याआधी बोर्ड धुते. पाण्यानं. ऐकून लोक घाबरतात. वीज नसेल तर पाण्यानं बोर्ड मरत नाही, वाळायच्या आत वीज दिली तर मरतो.

धुण्याआधी डिस्प्ले, फिरवायचे नॉब आणि रिले यांचा विचार करा. डिस्प्ले निघत असेल तर काढून बाजूला ठेवा. पाणी आणि अल्कोहोल दोन्ही त्याच्या काचेवरचा पडदा खराब करतात. निघत नसेल तर तो भाग कोरडा ठेवून फक्त बाधित जागा धुवा.

पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एका वाटीत. जुन्या टूथब्रशनं, फक्त जिथं पाझर आहे तिथं, हलक्या हातानं. गळलेलं अल्कलीसारखं असतं, ते यानं मारलं जातं. कधी बारीक बुडबुडे दिसतात. एक-दोन मिनिटं, जास्त नको, कारण आम्ल तसंच राहिलं तर तेही तांबं खातं. मग बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर भरपूर ओता, ब्रश फिरवा, परत ओता. नळाचं पाणी शेवटच्या धुण्याला नको, क्षार मागं राहतात. शेवटी 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते आयसीच्या पायांखालचं पाणी ओढून बाहेर आणतं.

सुकवायचं कसं? उन्हाळ्यात गच्चीवर, सावलीत. जुलैत कोल्हापुरात चार दिवस ठेवलं तरी कपडे वाळत नाहीत, बोर्ड काय वाळणार. माझ्याकडं बुटाचं खोकं आहे, त्यात 40 वॉटचा जुना पिवळा बल्ब. बोर्ड जाळीवर ठेवून रात्रभर. खोक्यात हात घातल्यावर ऊबदार वाटावं, चटका बसू नये.

2019 च्या पुरानंतर व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीच्या बाजूच्या बऱ्याच गाड्या दारात आल्या. पुराचा बोर्ड वेगळा: आधी गाळ वाळायच्या आत स्वच्छ पाण्यानं धुवा, बाकी सगळं नंतर. एकानं आधी चावी फिरवून बघितली होती. त्याच्या बोर्डाला मी फक्त नमस्कार केला.

कल्हई

धुतल्यावर खरं नुकसान दिसतं. जिथं लेप तपकिरी किंवा फुगलेला आहे, तिथं सर्जिकल ब्लेडच्या टोकानं लेप खरवडा. चांगल्या ट्रॅकवर लेप चिकटून बसतो, खराब जागी खपलीसारखा निघतो. खपली निघायची थांबेपर्यंत पुढं जा. तांबं काळं असेल तर ते गुलाबी होईपर्यंत हलक्या हातानं खरवडा, कारण काळ्या तांब्यावर सोल्डर थांबत नाही, मोत्यासारखं गोळा होऊन घरंगळतं. गुलाबी झालं की फ्लक्स लावा आणि इस्त्रीच्या टोकावर थोडं सोल्डर घेऊन ट्रॅकवरून ओढा. चांदीसारखी पातळ रेघ उमटते. ही कल्हईच आहे, लहानपणी दारात येणारा कल्हईवाला नवसागराचा धूर काढत हेच करायचा. नळकाम करणारे वापरतात ती आम्लाची पेस्ट मात्र अजिबात नको, साधा इलेक्ट्रॉनिक्सचा रोझिन फ्लक्स.

नंतर प्रत्येक संशयित ट्रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा. पण मीटरच्या बीपवर विश्वास ठेवू नका. बऱ्याच मीटरची बीप 30-50 ओहमपर्यंत वाजत राहते आणि अर्धा खाल्लेला ट्रॅक त्यात पास होतो. आकडा वाचा. मीटरच्या सुया एकमेकींना लावून जो आकडा येतो, त्याच्या जवळपास यायला हवा. मोजताना बोर्ड बोटानं हलका वाकवा, आकडा उडाला तर आत केसाएवढी फट आहे.

दोन बाजूंना जोडणारी बारीक छिद्रं असतात, त्यांच्या आतला तांब्याचा नळा गळतीनं पहिला जातो. वरून छिद्र छान दिसतं, आतून पोकळ. त्यातून एक बारीक तार आरपार घालून दोन्हीकडं डाग द्या.

ट्रॅक गेलाच असेल तर तारेनं पूल बांधायचा. मी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून इनॅमलच्या तारेचे उरलेले तुकडे आणते, उद्यमनगरात ते कुणीही मूठभर फुकट देतं. सिग्नलच्या ट्रॅकला 34 गेज, पंखा-रिलेसारख्या करंट वाहणाऱ्याला 24 गेज किंवा जाड. टोकाचं इनॅमल ब्लेडनं खरवडून कल्हई करा, नाहीतर डाग वरवर बसतो आणि महिन्यानं सुटतो. तार जुन्या ट्रॅकच्या वाटेनंच न्या, मध्ये दोन ठिकाणी चिकटवा. उद्या दुसऱ्या कुणी उघडली तर त्याला वाट कळली पाहिजे.

मलकापूरच्या डबीत असे पाच पूल लागले, आणि तीन छिद्रांतून तारा. चार संध्याकाळी गेल्या त्यात.

नवीन कपॅसिटर

मायक्रोफॅरड तोच, व्होल्ट तेवढा किंवा जास्त. 16 व्होल्टच्या जागी 25 चा चालतो. बॅटरीच्या सरळ वाटेवर असलेला असेल तर मी 35 चा लावते, कारण गाडीचे 12 व्होल्ट कागदावरच 12 असतात, इंजिन चालू असताना 14 च्या पुढं जातात आणि मध्येच झटके येतात. 105 अंशांचा घ्या, 85 चा नको. उंची मोजा, झाकण बसलं पाहिजे. निचिकॉन, पॅनासोनिक, रुबिकॉन अशी नावं छापलेले नकली बाजारात सर्रास आहेत. भरवशाच्या दुकानातून बिलासकट घ्या.

बोर्डावर टँटलम असतील, ते पिवळे-केशरी ठोकळे, तर ते सहसा गळत नाहीत, त्यांना हात लावायची गरज नाही. बदललेच तर लक्षात ठेवा: ॲल्युमिनियमच्या टोपीवर पट्टी म्हणजे ऋण, टँटलमच्या ठोकळ्यावर पट्टी म्हणजे धन. मी एकदा रात्री साडेअकराला हे उलट केलं. वीज दिली, तीन सेकंद शांतता, मग फटाका. ठिणगी चष्म्यावर आली, म्हणून चष्मा घालूनच बसत जा असं सांगते. टेबलाच्या सनमायक्यावर तो काळा ठिपका अजून आहे.

हात फिरतोच आहे तर डिस्प्लेमागचे छोटे बल्बही बदलून टाका. बटणांखालचे काळे कार्बनचे ठिपके अल्कोहोलच्या कापसानं एकदाच टिपा, घासू नका.

टेबलावर चाचणी

गाडीत बसवायच्या आधी टेबलावर वीज द्या. करंट मर्यादा ठेवता येणारा पॉवर सप्लाय असेल तर 12 व्होल्ट, 300 मिलीअँपिअरवर सुरुवात. नसेल तर आबांची युक्ती. ते टीव्हीला सिरीजमध्ये 60 वॉटचा बल्ब लावायचे. आपण 12 व्होल्टच्या ॲडॅप्टरच्या वाटेत गाडीचा 5 वॉटचा पार्किंगचा बल्ब लावायचा. मिणमिणला किंवा विझला तर ठीक, लख्ख पेटला तर कुठंतरी शॉर्ट आहे, वीज काढा. बोर्ड वाचतो, बल्ब रागावतो एवढंच.

पिना कुठल्या, हे त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलच्या वायरिंगच्या पानावर असतं. कायमचा 12, चावीचा 12 आणि अर्थ जोडा. डिस्प्ले आला की सेन्सरच्या जागी 10 किलोओहमचा व्हॉल्यूम (फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टर) लावून फिरवा. हे सेन्सर गरम झाले की त्यांचा ओहम कमी होतो, म्हणून व्हॉल्यूम कमी करत गेलं की डबीला वाटतं केबिन तापली. पंख्याचा हुकूम वाढला पाहिजे, झडप गारकडं गेली पाहिजे. हुकूम दिसायला एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर लावून पिनेशी जोडा. एक खोच लक्षात घ्या: अनेक डब्या रिलेला 12 व्होल्ट देत नाहीत, त्याची अर्थ जोडतात. अशा पिनेला एलईडी 12 व्होल्टकडून लावावा लागतो. हे न कळल्यामुळं चांगला बोर्ड 'डेड' म्हणून टाकून दिलेला मी कचऱ्यातून उचललाय.

तासभर चालू ठेवा. हेअर ड्रायरनं कोमट करा, पुन्हा गार होऊ द्या. तडकलेला डाग असेल तर याच वेळी बोलतो.

सगळं पटलं की मगच ॲक्रिलिकचा कन्फॉर्मल कोटिंगचा स्प्रे, दोन पातळ थर. कनेक्टर, बटणं, नॉब यांवर आधी टेप लावा. आमच्याकडच्या हवेत हा थर हवाच. पण न धुतलेल्या बोर्डावर मारला तर ओल आत कोंडली जाते आणि काम आणखी बिघडतं.

बसवताना कनेक्टरच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा, एकदा घालून-काढून पुन्हा घाला. बॅटरी जोडल्यावर काही गाड्या झडपांची टोकं स्वतः शोधतात, अर्धा मिनिट आतून घूं घूं येतं, घाबरून चावी काढू नका. पहिल्या दिवशी डिफ्रॉस्टवर टाकून कॉम्प्रेसर लागतो का बघा, कारण पावसाळ्यात घाटात काच साफ करायचं काम तोच करतो.

झाकण लावायच्या आधी आतल्या बाजूला बारीक पेन्सिलीनं तारीख आणि काय बदललं ते लिहा. आबा टीव्हीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहायचे. काढलेले कपॅसिटर छोट्या पाकिटात घालून मालकाला परत द्या. मलकापूरवाल्या गृहस्थांनी पाकीट उघडून नाकाशी नेलं, तोंड वाकडं केलं आणि काही न बोलता गाडीच्या खणात ठेवून दिलं.